परराष्ट्र मंत्रालयाचं अंदाजपत्रक पहिल्यांदा वाचताना

१ फेब्रुवारीला केंद्राचा अर्थसंकल्प मांडला की संध्याकाळपर्यंत ठरलेल्या बातम्या येतात. भूतानला सर्वाधिक मदत, मालदीवची मदत घटली किंवा वाढली, परराष्ट्र मंत्रालयाच्या तरतुदीला कात्री. या बातम्यांमधला आकडा बहुतेक वेळा बरोबर असतो. चुकते ती तुलना.

मी स्वतः यात चुकलो आहे. जुलै २०२४ मध्ये एका पाक्षिकासाठी छोटी चौकट लिहिताना ‘मालदीवची मदत जवळपास निम्म्यावर’ असं लिहून दिलं आणि ते तसंच छापून आलं. पुढच्या आठवड्यात एका निवृत्त लेखाधिकाऱ्यांचं पत्र आलं. त्यात एकच प्रश्न होता: ‘तुम्ही कुठला रकाना कुठल्या रकान्याशी ताडून पाहिलात?’ त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना हे कागद वाचायला शिकलो. स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी, नवे वार्ताहर आणि उत्सुकतेपोटी हे पान उघडणारे वाचक यांच्यासाठी ती वाट इथे टप्प्याटप्प्याने मांडतो आहे.

हाताशी काय हवं

- केंद्रीय अर्थसंकल्पातल्या ‘खर्चाच्या अंदाजपत्रका’तली परराष्ट्र मंत्रालयाची मागणी. चालू वर्षाची आणि मागच्या किमान तीन वर्षांची. इंडियाबजेट डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या पीडीएफही मिळतात.
- मंत्रालयाच्या संकेतस्थळावरच्या सविस्तर अनुदान मागण्या.
- वर्षभरात आलेल्या पुरवणी मागण्यांच्या पुस्तिका.
- संसदेच्या परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचा अनुदान मागण्यांवरचा अहवाल.
- विनियोजन लेखे (मंजूर तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांचा वर्षाचा ताळा) आणि कॅगचे, म्हणजे भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल. हे शेवटी लागतात, पण लागतात.
- एक कोरं स्प्रेडशीट. वहीत आखलेले रकानेही चालतील.

हे कागद इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाहीत. म्हणून खाली जिथे गरज आहे तिथे पानावर छापलेला शब्द देवनागरीत दिला आहे.

१. आधी योग्य पान गाठा

प्रत्येक मंत्रालय संसदेकडे पैसे मागतं, त्याला अनुदानाची मागणी म्हणतात. राज्यघटनेच्या ११२ व्या अनुच्छेदानुसार वार्षिक वित्तीय विवरणपत्र मांडलं जातं आणि ११३ व्या अनुच्छेदानुसार या मागण्या लोकसभेपुढे येतात. २०२५-२६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीचा क्रमांक २९ होता. मात्र नुसत्या क्रमांकावर विसंबू नका. एखादं मंत्रालय नव्याने निघालं किंवा दोन खाती एकत्र झाली की क्रमांक सरकतात. जुनी वर्षं काढताना मंत्रालयाचं नाव वाचूनच पान उघडा.

पान उघडलं की वरच्या कोपऱ्यात ‘कोटी रुपयांत’ असं लिहिलेलं दिसेल. त्याखाली ढोबळ खर्च, वसुली, जमा आणि निव्वळ अशा ओळी आहेत. बातमीत येतो तो निव्वळ आकडा. जिथे रक्कम नाही तिथे शून्य नसतं, तीन टिंबं असतात. स्प्रेडशीटमध्ये उतरवताना ती टिंबं तशीच पडली तर बेरीज बिघडते, म्हणून त्या जागी आधी शून्य भरून घ्या.

२. रकाने ओळखा, सगळी गफलत इथेच होते

एकाच पानावर तीन आर्थिक वर्षांचे चार संच शेजारी शेजारी छापलेले असतात. २०२५-२६ च्या पानावर ते असे आहेत:

- ‘अ‍ॅक्चुअल्स’ २०२३-२४, म्हणजे प्रत्यक्ष खर्च
- ‘बजेट’ २०२४-२५, म्हणजे अर्थसंकल्पीय अंदाज
- ‘रिव्हाइज्ड’ २०२४-२५, म्हणजे सुधारित अंदाज
- ‘बजेट’ २०२५-२६, म्हणजे येत्या वर्षाचा अंदाज

प्रत्येक संचात पुन्हा महसुली (चालू खर्च), भांडवली (मालमत्ता किंवा कर्ज) आणि एकूण असे तीन उपरकाने. म्हणजे एका ओळीत बारा आकडे. त्यातले कुठलेही दोन उचलले तरी एक बातमी तयार होते.

मालदीवच्याच ओळीकडे पाहा. २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात तरतूद ४०० कोटी होती. सुधारित अंदाजात ती ७७०.९० कोटी झाली. २०२४ हे लोकसभा निवडणुकीचं वर्ष असल्याने १ फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प आला, त्यात ६०० कोटी होते. २३ जुलैच्या पूर्ण अर्थसंकल्पात ४०० कोटी. पुढे २०२४-२५ चा सुधारित अंदाज ४७० कोटी आणि २०२५-२६ ची तरतूद ६०० कोटी.

जुलै २०२४ मध्ये ७७०.९० ची तुलना ४०० शी केली तर ४८ टक्के घट दिसते. मी तेच केलं होतं. अर्थसंकल्पाची तुलना अर्थसंकल्पाशी केली असती तर ४०० विरुद्ध ४००, म्हणजे काहीच बदल नाही. अंतरिमशी ताडलं असतं तर एक तृतीयांश घट. तिन्ही वाक्यांत आकडे खरे आहेत आणि वाचकाच्या मनात तीन वेगळी चित्रं उभी राहतात. त्या दिवसांत दोन्ही देशांच्या संबंधांत ताण होता. त्यामुळे ‘निम्म्यावर’ या शब्दाला एक राजकीय अर्थ आपोआप चिकटला, आणि तो अर्थ देण्याइतका पुरावा माझ्या हातात नव्हता.

यावरून एक नियम पाळायला लागलो: अंदाज अंदाजाशी, सुधारित सुधारितशी आणि प्रत्यक्ष प्रत्यक्षाशी. ज्या तुलनेत रकाने वेगळे असतील तिथे ते वाक्यातच सांगायचं.

मंत्रालयाच्या एकूण आकड्यातही हेच होतं. २०२३-२४ ची मूळ तरतूद १८,०५० कोटी होती, सुधारित अंदाज २९,१२१ कोटींवर गेला. २०२४-२५ ची तरतूद २२,१५४.६७ कोटी, सुधारित सुमारे २५,२७७ कोटी. २०२५-२६ ची तरतूद २०,५१६.६१ कोटी. अंदाजाला अंदाज लावला तर २०२५-२६ मधली घट ७.४ टक्के. सुधारितशी ताडलं तर तीच घट १८.८ टक्के दिसते. शिवाय २०२३-२४ च्या मूळ तरतुदीत जी-२० अध्यक्षपदासाठी ९९० कोटी होते. असा एकदाच येणारा खर्च आधी बाजूला काढा, मगच वर्षांची तुलना करा.

सुधारित अंदाजाबद्दल आणखी एक गोष्ट. तो साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्थ मंत्रालयाबरोबरच्या बैठकांत ठरतो, तेव्हा निम्म्याच वर्षाचा खर्च समोर असतो. म्हणून त्याला ‘झालेला खर्च’ म्हणू नका.

३. ओळी वरून खाली वाचा

सुरुवातीला आस्थापना खर्च येतो: सचिवालय, दूतावास आणि वकिलाती, पारपत्र (पासपोर्ट) आणि उत्प्रवासन (कामासाठी परदेशी जाणं), विशेष राजनैतिक खर्च. त्यानंतर केंद्रीय योजना, त्यात परदेशांना दिली जाणारी मदत. मग स्वायत्त संस्था आणि आंतरराष्ट्रीय संघटनांची वर्गणी.

दूतावासांच्या ओळीपाशी थांबा. हा खर्च होतो परकीय चलनात आणि छापला जातो रुपयांत. फेब्रुवारी २०२४ मध्ये डॉलर ८३ रुपयांच्या आसपास होता, फेब्रुवारी २०२५ मध्ये ८७ च्या आसपास. एखाद्या वकिलातीचं वर्षाचं भाडं १ लाख डॉलर धरलं तर ते ८३ लाखांवरून ८७ लाखांवर गेलं. खोली वाढली नाही, माणूस वाढला नाही, तरी तरतूद वाढली. या ओळीतली वाढ पाहून ‘राजनैतिक विस्तार’ असं लिहिण्याआधी नवीन वकिलाती खरंच उघडल्या का, हे बघा.

पारपत्राच्या ओळीवरही नवख्यांचा गोंधळ होतो. आपण भरलेलं पारपत्र शुल्क मंत्रालयाच्या खिशात राहत नाही, ते भारताच्या संचित निधीत, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीत जमा होतं. मंत्रालयाला पारपत्र कार्यालयांसाठी जे मिळतं ते संसदेने मंजूर केलेलं वेगळं अनुदान असतं.

विशेष राजनैतिक खर्चाची ओळ मोठी असते आणि तिचा तपशील पानावर मिळत नाही. तिच्यावर तर्क लढवू नका. मी ती ओळ स्प्रेडशीटमध्ये वेगळ्या रंगात ठेवतो, कारण एकूण आकड्यातली उडी कधी कधी तिथूनच आलेली असते.

स्वायत्त संस्थांमध्ये १९५० मध्ये स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आहे. नालंदा विद्यापीठही इथेच आहे, ते शिक्षण मंत्रालयाच्या मागणीत शोधून सापडणार नाही. संयुक्त राष्ट्रांची वर्गणी डॉलरमध्ये आकारली जाते आणि त्यांचं अंदाजपत्रकीय वर्ष जानेवारी ते डिसेंबर असतं, आपलं एप्रिल ते मार्च. २०२२ ते २०२४ या काळात त्यांच्या नियमित अंदाजपत्रकात भारताचा वाटा १.०४४ टक्के होता. वर्षांची ही सरमिसळ लक्षात ठेवली की या ओळीतले चढउतार कोड्यात टाकत नाहीत.

मुख्य कोष्टकाखाली प्रत्येक ओळीवर एक-दोन वाक्यांची टीप असते. ती फार कमी लोक वाचतात. तुम्ही वाचा.

४. मदतीच्या कोष्टकात अनुदान वेगळं, कर्ज वेगळं

२०२५-२६ मध्ये भूतानसाठी २,१५० कोटी, नेपाळसाठी ७००, मालदीवसाठी ६००, मॉरिशससाठी ५००, म्यानमारसाठी ३५०, श्रीलंकेसाठी ३००, बांगलादेशासाठी १२० आणि अफगाणिस्तानसाठी १०० कोटी रुपये होते.

अफगाणिस्तानची ओळ आडवी वाचून पाहा. २०२४-२५ ची तरतूद २०० कोटी, सुधारित ५० कोटी, पुढची तरतूद १००. म्हणजे दुप्पटही आणि निम्मीही, तुम्ही कुठे बोट ठेवता त्यावर.

भूतानच्या ओळीत महसुली आणि भांडवली असे दोन्ही रकाने पाहा. महसुली रकान्यात अनुदान असतं, ते परत येत नाही. भांडवली रकान्यात कर्ज असतं, ते व्याजासह फेडलं जातं. तिथल्या १,०२० मेगावॅटच्या पुनात्सांगछू-२ जलविद्युत प्रकल्पाला भारताने ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज या प्रमाणात पैसा दिला. त्या प्रकल्पातून भूतानच्या गरजेपलीकडे उरणारी वीज भारतात येते. या सगळ्याला सरसकट ‘फुकट वाटलेला पैसा’ म्हणणं चुकीचं आहे, आणि अशी टीका दर फेब्रुवारीत ऐकू येते म्हणून हे ठामपणे सांगतो.

दुसरा सापळा घोषणांचा. मार्च २०२४ मध्ये भारताने भूतानच्या तेराव्या पंचवार्षिक योजनेसाठी १०,००० कोटींच्या साहाय्याची घोषणा केली. तिला पाचाने भागून २,००० कोटी काढायचे आणि अंदाजपत्रकातल्या ओळीशी जुळवायचे, हा मोह आवरा. घोषणा पाच वर्षांची आहे, पैसा कामाच्या गतीने सुटतो, आणि त्याच ओळीत इतर प्रकल्पही असतात.

५. जे या मागणीत नाही ते शोधा

भारत परदेशात किती खर्च करतो, याचं उत्तर फक्त या मागणीतून मिळत नाही. हे उमगायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

मोठा भाग आहे सवलतीच्या कर्जाचा, म्हणजे ‘लाइन ऑफ क्रेडिट’चा. तो एक्झिम बँकेमार्फत, म्हणजे आयात-निर्यातीला अर्थसाहाय्य देणाऱ्या सरकारी बँकेमार्फत जातो. बँक बाजारातून पैसा उभा करते आणि व्याजातल्या फरकाचा भार सरकार उचलतं. त्या व्याजसाहाय्याची तरतूद अर्थ मंत्रालयाच्या आर्थिक व्यवहार विभागाच्या मागणीत असते. २०१७ मध्ये बांगलादेशाशी ४.५ अब्ज डॉलरच्या अशा कर्जाचा करार झाला. परराष्ट्र मंत्रालयाच्या मागणीतली १२० कोटींची ओळ पाहून कुणी भारत-बांगलादेश आर्थिक सहकार्याचं माप काढलं तर ते किती तोकडं पडेल, ते यावरून समजेल.

चाबहार बंदराचंही तसंच. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात मंत्रालयाच्या मागणीत त्यासाठी १०० कोटींची ओळ होती. पण मे २०२४ मध्ये इराणशी दहा वर्षांचा करार केला तो इंडिया पोर्ट्स ग्लोबल लिमिटेड या सरकारी कंपनीने. त्यात १२ कोटी डॉलरची गुंतवणूक आणि त्याशिवाय २५ कोटी डॉलरच्या कर्जाची तयारी होती.

निवृत्त राजनैतिक अधिकाऱ्यांचं निवृत्तिवेतन वेगळ्या मागणीत असतं. परदेशी राज्यप्रमुखांच्या सरकारी पाहुणचाराचा खर्च गृह मंत्रालयाखालच्या ‘मंत्रिमंडळ’ या मागणीत शोधावा लागतो.

६. लेखाशीर्षाचे अंक वाचायला शिका

सविस्तर अनुदान मागण्या उघडल्या की प्रत्येक रकमेपुढे १५ अंकी संकेतांक येतो, तेच त्या रकमेचं लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातला पत्ता. तो सहा पायऱ्यांचा असतो. पहिले ४ अंक प्रधान शीर्षाचे, मग २ उपप्रधान, ३ गौण, २ उपशीर्ष, २ तपशीलवार शीर्ष आणि शेवटचे २ खर्चाच्या प्रकाराचे. शेवटच्या दोनांवरून पैसा वेतनावर गेला की प्रवासावर की भाड्यावर, ते समजतं.

सगळे पाठ करायची गरज नाही. हे पाच ओळखता आले तरी काम चालतं:

- २०५२: सचिवालय
- २०६१: परराष्ट्र व्यवहार
- ३६०५: इतर देशांशी तांत्रिक आणि आर्थिक सहकार्य
- ४०५९: सार्वजनिक बांधकामांवरचा भांडवली खर्च
- ७६०५: परदेशी सरकारांना दिलेली कर्जं

पहिल्या अंकावरून बरंच काही कळतं: २ किंवा ३ ने सुरू होणारं शीर्ष महसुली खर्चाचं, ४ किंवा ५ चं भांडवली खर्चाचं, ६ किंवा ७ चं कर्जाचं. ओळींची नावं वर्षागणिक थोडी बदलतात, प्रधान शीर्षं सहसा टिकतात. दहा वर्षांचा तक्ता करायचा असेल तर नावांवर नव्हे, संकेतांकांवर जुळवणी करा. आणि २०१७-१८ च्या मागे जाणार असाल तर योजनांतर्गत आणि योजनेतर असे जुने रकाने भेटतील. त्यांची बेरीज करूनच पुढच्या वर्षांशी जोडा.

७. फेब्रुवारीनंतर पुस्तक मिटू नका

मागण्या स्थायी समितीकडे जातात. ३१ सदस्यांच्या या समितीचा अहवाल हा या विषयावरचा सर्वात वाचनीय कागद आहे. मंत्रालयाने किती मागितलं आणि अर्थ मंत्रालयाने किती दिलं हे तिथे समोरासमोर दिसतं. खर्च का मागे पडला यावर सदस्य प्रश्न विचारतात आणि अधिकाऱ्यांना उत्तर द्यावं लागतं. मंत्रालयाला एकूण अर्थसंकल्पाच्या किमान १ टक्का मिळावा, असं समितीने सुचवलेलं आहे. प्रत्यक्षात २०२५-२६ च्या ५०.६५ लाख कोटींच्या अर्थसंकल्पात हा वाटा ०.४ टक्क्यांच्या आसपास होता.

सभागृहात या मागणीवर दर वर्षी चर्चा होतेच असं नाही. ठरलेली वेळ संपली की उरलेल्या मागण्या गिलोटिन लावून चर्चेविना मंजूर होतात. म्हणून समितीच्या अहवालाचं मोल जास्त.

मग पुरवणी मागण्या. अनुच्छेद ११५ नुसार वर्षाच्या मध्ये त्या येतात. इथे नीट बघा: काही पुरवणी मागण्यांत नवा पैसा जातो, तर काहींत मंत्रालयाच्याच दुसऱ्या शीर्षातली बचत वळवली जाते आणि संसदेची फक्त नाममात्र मंजुरी घेतली जाते. दुसऱ्या प्रकाराला ‘जादा निधी’ म्हणू नका.

८. प्रत्यक्ष खर्च आणि लेखापरीक्षण

वर्षाच्या अखेरीस घाईघाईने पैसा उडवला जाऊ नये म्हणून अर्थ मंत्रालयाची मर्यादा आहे: शेवटच्या तिमाहीत तरतुदीच्या ३३ टक्क्यांपेक्षा जास्त नाही आणि एकट्या मार्चमध्ये १५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. जो पैसा लागणार नाही तो ३१ मार्चपूर्वी परत करायचा. विनियोजन लेख्यांत ‘बचत’ म्हणून जे दिसतं ती नेहमी काटकसर नसते. बरेचदा काम झालंच नाही, जागा मिळाली नाही, परवानगी अडकली, अशी कारणं असतात, आणि ती कारणं त्याच पानांवर लिहिलेली असतात.

परदेशातल्या कार्यालयांचं लेखापरीक्षण कॅगच्या लंडन, वॉशिंग्टन आणि क्वालालंपूर इथल्या कार्यालयांकडे आहे. विकत घेऊन वर्षानुवर्षं रिकामे राहिलेले भूखंड किंवा भाड्यावर झालेला टाळता येण्यासारखा खर्च अशा गोष्टी कॅगच्या अहवालांतून कळतात. अंदाजपत्रकाच्या पानावर त्या कधीच दिसत नाहीत.

इतकं करूनही एखादी ओळ उलगडली नाही तर आधी संसदेतल्या प्रश्नोत्तरांत शोधा. देशवार मदतीचे तक्ते खासदारांच्या प्रश्नांच्या उत्तरांत तयार मिळतात. तिथेही नसेल तर माहितीचा अधिकार आहे: १० रुपये शुल्क, ऑनलाइन अर्ज, ३० दिवसांची मुदत. अर्जात ‘अमुक देशावर किती खर्च केला’ असं मोघम विचारू नका. आर्थिक वर्ष लिहा, १५ अंकी संकेतांक लिहा आणि अंदाज, सुधारित की प्रत्यक्ष ते स्पष्ट लिहा. परदेशी राज्यांशी असलेल्या संबंधांना बाधा येईल अशी माहिती कलम ८ (१) (क) खाली नाकारता येते, म्हणून प्रश्न आकड्यापुरता ठेवा, त्यामागचं धोरण त्यात आणू नका.

त्या निवृत्त लेखाधिकाऱ्यांना मी उत्तर पाठवलं तेव्हा सोबत मालदीवच्या ओळीचा तक्ता जोडला होता. त्यांनी तो तपासून परत पाठवला. एकाच ठिकाणी पेन्सिलने खूण होती: ‘अंतरिम’ हा शब्द मी रकान्याच्या डोक्यावर लिहायला विसरलो होतो.